टेबलावरच्या लघुलहरी ग्राहीची पारख

इंदापूर तालुक्यातील आमच्या वालचंदनगरहून उत्तरेकडे, सरळ रेषेत मोजले तर पन्नासएक किलोमीटरवर, भीमेच्या काठी दौंड आहे. दौंड म्हटले की आज रेल्वेच्या जंक्शनापलीकडे कोणाला फारसे काही आठवत नाही. परंतु १९२७ च्या सप्टेंबरात इंग्लंड आणि हिंदुस्थान यांना लघुलहरींनी जोडणारी जी ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिचे इकडचे ग्रहणकेंद्र याच दौंडला होते, आणि प्रक्षेपणकेंद्र मात्र तेथे न ठेवता सुमारे पाऊणशे किलोमीटर दूर, पुण्यालगत खडकीस ठेवले होते. इंग्लंडातही हीच व्यवस्था होती: संदेश टेटनीहून निघत आणि हिंदुस्थानातून आलेले संदेश स्केगनेसला उतरून घेतले जात. एकाच सेवेचा कारभार दोन गावांत विभागून दुहेरी नोकरचाकर, दुहेरी इमारती आणि मधल्या तारांचा खर्च मार्कोनींच्या पद्धतीवर चालणाऱ्या त्या सेवेच्या चालकांनी उगाच पत्करला नव्हता. सात हजारांहून अधिक किलोमीटर अंतर तोडून आलेली लहर दौंडच्या तारांवर उतरेपर्यंत इतकी क्षीण होई की तिच्यापासून मिळणारा विद्युद्दाब व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागे. तिच्या उशालाच किलोवॉटांच्या हिशेबात शक्ती ओतणारा प्रक्षेपक चालू राहिला असता, तर जगातला कोणताही ग्राही लंडनचा तो कुजबुजता शब्द ओळखू शकला नसता.

ज्यास आपल्या घरी टेबलावर ठेवण्याजोगा चांगला लघुलहरी ग्राही घ्यावयाचा आहे आणि त्यावर दूरदेशीची केंद्रे ऐकावयाची आहेत, त्याने दौंड-खडकीच्या या वाटणीमागचा विचार आरंभीच समजून घ्यावा. संच किती लांबचे पकडतो, हा दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो बहुतांशी निरर्थक आहे. लांबचे पकडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. शेजारच्या बलवत्तर केंद्राला, विजेच्या खरखरीला आणि स्वतःच्याच अंतर्भागात उत्पन्न होणाऱ्या खोट्या आवाजांना बाहेर ठेवून त्या लांबच्या क्षीण आवाजाला वाट करून देणे हे अवघड आहे, आणि संचाची किंमत आपण जी मोजतो ती मुख्यतः याच कामाची असते.

लघुलहरींचे आणि मराठी घरांचे नाते तसे जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात सुभाषबाबूंच्या आझाद हिंद रेडिओने ज्या भारतीय भाषांतून प्रक्षेपणे केली त्यांत मराठीही होती, आणि बीबीसीनेही युद्धकाळात सुरू केलेले मराठी प्रक्षेपण पुढे १९५८ पर्यंत चालवले. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ हाही ४२ मीटरच्या आसपास लघुलहरींवरच बोलत होता. नोव्हेंबरात पोलिसांनी धाड घालून त्याची जप्ती केली तेव्हा तो थांबला. स्वातंत्र्यानंतरची कथा अधिक रंजक आहे. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांच्या अभिजात अभिरुचीपुढे चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार व्हावे लागले, आणि १९५२ पासून कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठी उभ्या महाराष्ट्राने आपल्या मर्फी, फिलिप्स आणि बुश संचांचे काटे मध्यमलहरींवरून लघुलहरींकडे वळवले. वालचंदनगरहून कोलंबो साडेतेराशे किलोमीटरांच्या आसपास आहे. दिवसा मध्यमलहरींना हे अंतर झेपणारे नाही, परंतु लघुलहरींच्या २५ आणि ३१ मीटरच्या पट्ट्यांना ती एका उडीची मजल होती. रेडिओ सिलोनचा प्रक्षेपक मूळचा युद्धातला, सैनिकांच्या करमणुकीसाठी उभारलेला, आणि ज्या संचांनी तो ऐकला जाई त्यांच्यासाठी दरसाल पोस्टाच्या कचेरीतून परवाना घ्यावा लागे. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू करून सरकारने हा गळालेला श्रोतृवर्ग परत मिळवण्याचा प्रयत्न केला, तो बराच सफळही झाला. पण तोपर्यंत एका पिढीचा हात त्या बारीक काट्याला सरावला होता.

एका उडीची मजल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण संचाची परीक्षा कोणत्या वेळी व कोणत्या पट्ट्यावर घ्यावयाची ते यावरच ठरते. पृथ्वीपासून सुमारे ६० किलोमीटरांपासून पुढे वातावरणातील विरळ वायू सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांनी आयनीभूत होतात. या आयनांबराचे अस्तित्व ॲपल्टन यांनी १९२४ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले आणि त्या कार्यासाठी १९४७ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यातला सर्वांत खालचा, डी नावाचा थर दिवसा मध्यमलहरी आणि कमी कंप्रतेच्या लघुलहरी गिळून टाकतो व सूर्यास्तानंतर विरून जातो. अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरचा एफ थर मात्र रात्रीही टिकतो, आणि त्याच्यावर आदळून परतलेली लहर एका उडीत चार हजार किलोमीटरांपर्यंत जाऊन उतरते. म्हणून ढोबळ नियम असा की दिवसा १५ मेगाहर्ट्झच्या वरचे १९ व १६ मीटरचे पट्टे चालतात, संध्याकाळी २५ व ३१ मीटरचे भरास येतात, आणि काळोख पडला म्हणजे ४९ व ६० मीटरचे जागे होतात. यात एक बारकावा आहे. मावळतीच्या वेळी इंदापूर तालुक्यात उजेड असतानाच पूर्वेकडे रात्र झालेली असते, त्यामुळे चीन व आग्नेय आशियातील कमी कंप्रतेची केंद्रे प्रथम वर येतात. पहाटे याच्या उलट, आपल्या पश्चिमेस अजून रात्र असल्यामुळे आफ्रिकेकडील केंद्रे सूर्योदयापर्यंत रेंगाळतात. ज्याला संचाची खरी पारख करावयाची आहे त्याने या दोन संधिकाळांत तो लावून पाहावा. भर दुपारी, दुकानाच्या काउंटरवर, लोखंडी रॅकांच्या मधोमध उभे राहून लघुलहरी संच तपासणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

आता संचाकडे वळू. विक्रीच्या पत्रकात पहिला आकडा संवेदनक्षमतेचा असतो: अमुक मायक्रोव्होल्टला दहा डेसिबेलचे गुणोत्तर, इत्यादी. हा आकडा एकाच्या आसपास असो की त्याच्या निम्मा असो, त्याने फारसे बिघडत नाही. कारण २० मेगाहर्ट्झच्या खाली आकाशातून, ढगांतील विजांतून आणि मनुष्यवस्तीतून येणारा गोंगाटच इतका असतो की साधारण प्रतीच्या संचाचा अंतर्गत गोंगाट त्याखाली झाकला जातो. याची घरगुती चाचणी सोपी आहे. रात्री एखाद्या मोकळ्या कंप्रतेवर संच लावून एरिअलची पिन काढावी, मग पुन्हा खोचावी. पिन खोचताच सळसळ स्पष्ट वाढली तर संचाची संवेदनक्षमता आपल्या गरजेपुरती आहे असे समजावे, कारण यापुढे संच कितीही तीक्ष्ण केला तरी तो आकाशाची सळसळच अधिक मोठ्याने ऐकवील. ही चाचणी १० मेगाहर्ट्झखाली बहुतेक संच उत्तीर्ण होतात. त्यात जो नापास होतो तो परत करावा, एवढाच या आकड्याचा उपयोग.

निवडक्षमतेची गोष्ट निराळी आहे. लघुलहरी केंद्रे एकमेकांपासून पाच-पाच किलोहर्ट्झवर बसवलेली असतात, आणि प्रत्येकाच्या आवाजाचे दोन पंख मध्यापासून दोन्ही बाजूंस पसरलेले असतात. म्हणजे शेजाऱ्यांचे पंख एकमेकांत अडकणारच. पूर्वी ६० मीटरच्या पट्ट्यात आकाशवाणीचे हैदराबाद ४,८०० वर, भोपाळ ४,८१० वर आणि मुंबई ४,८४० किलोहर्ट्झवर असे. ज्या साध्या संचात हैदराबादच्या बातम्यांमागे भोपाळचे संगीत वाजत राही त्याचा गाळक (फिल्टर) किती ढिला आहे हे श्रोत्याला कोणी वेगळे सांगावे लागत नसे. आकाशवाणीने आपली बहुतेक प्रादेशिक लघुलहरी केंद्रे आता बंद केली असल्यामुळे ही आयती परीक्षा गेली, पण तिच्याहून कठोर अशी एक अद्याप उपलब्ध आहे. १०,००० किलोहर्ट्झवर चीनचे बीपीएम हे कालसंकेत केंद्र सेकंदासेकंदाचे टिकटिक ठोके देते, आणि त्याच्या अवघ्या चार किलोहर्ट्झ खाली, ९,९९६ वर, मॉस्कोचे आरडब्ल्यूएम हे तसेच केंद्र आहे, जे काही मिनिटे ठोक्यांविना नुसती अखंड वाहकलहर सोडत राहते. अनुकूल रात्री ही दोन्ही केंद्रे एकाच वेळी पोहोचत असताना संच बरोबर १०,००० वर लावावा. ठोक्यांबरोबर एक बारीक, उंच, न थांबणारी शिट्टी ऐकू आली, तर दोन वाहकलहरींतील चार हजार आवर्तनांचा तो फरक गाळकातून सहीसलामत निसटून आला असे जाणावे. मग गाळक अरुंद करण्याचे बटन दाबावे. शिट्टी पूर्ण नाहीशी झाली आणि ठोके तसेच राहिले तर गाळक खरा. शिट्टी नुसती मंदावली तर पत्रकात छापलेली रुंदी वरच्या बाजूची आहे, पायथ्याशी तो गाळक फार पसरलेला आहे.

हा पायथ्याचा मुद्दा पत्रके सहसा झाकून ठेवतात. गाळकाची रुंदी ‘चार किलोहर्ट्झ’ म्हणून सांगितली जाते ती सहा डेसिबेल खाली, म्हणजे संकेताचा दाब निम्म्यावर येतो तेथे मोजलेली असते. खरा प्रश्न साठ डेसिबेल खाली, म्हणजे हजारांश दाबापाशी, ती किती असते हा आहे. तेथे ती सात-आठ किलोहर्ट्झ असेल तर गाळक उत्तम. स्वस्त सिरॅमिक गाळकांत ती तेथे वीसपर्यंतही जाते, आणि मग शेजारचे बलाढ्य केंद्र त्या पसरट पायथ्यावरून बिनदिक्कत आत शिरते. गाळक एकाहून अधिक रुंदीचे असावेत हे तर उघडच आहे: मोकळ्या पट्ट्यात संगीतासाठी सहा किलोहर्ट्झचा, गर्दीत भाषणासाठी चारच्या आतला, आणि जहाजे, विमाने व हौशी प्रक्षेपक यांच्या एकपंखी बोलण्यासाठी अडीचच्या आसपासचा.

दुसरा दोष प्रतिमेचा. बहुसंख्य संच आलेली लहर आतल्या आंदोलकाच्या लहरीशी मिसळून ४५५ किलोहर्ट्झ या ठरावीक मध्यम कंप्रतेवर आणतात, आणि या मिश्रणाचा स्वभावच असा की आंदोलकाच्या खालच्या बाजूस ४५५ वर असलेले केंद्र आणि वरच्या बाजूस तेवढ्याच अंतरावर असलेले केंद्र यांत त्याला भेद करता येत नाही. परिणामी एकदाच रूपांतर करणाऱ्या संचात प्रत्येक बलवान केंद्र आपल्या खऱ्या जागेखेरीज ९१० किलोहर्ट्झ खालीही दुसऱ्यांदा उमटते. सिलोनची हिंदी सभा ११,९०५ वर असे त्या काळात साध्या संचावर ती १०,९९५ च्या आसपासही सापडे, जेथे तिचे काहीच काम नव्हते. आणि नवख्या श्रोत्यास आपण एखादे अपरिचित केंद्र शोधून काढले असा साक्षात्कार होई. नव्या संचाची परीक्षा घेताना एखादे प्रबळ केंद्र पकडावे, त्यातून ९१० वजा करून येणाऱ्या जागी जावे आणि कान देऊन ऐकावे. टेबलावरच्या चांगल्या संचात पहिली मध्यम कंप्रता ४५ ते ७० मेगाहर्ट्झ इतकी वर नेलेली असते, त्यामुळे प्रतिमा इतक्या दूर ढकलली जाते की पहिलाच गाळक तिला अडवतो. जेथे तसे नाही तेथे पुढच्या बाजूस निदान हाताने लावण्याचा पूर्वनिवडक तरी असला पाहिजे.

काट्याची अचूकता आणि स्थैर्य यांविषयी आज तक्रारीस जागा कमी आहे, कारण अंक दाखवणारे संश्लेषक सर्वत्र आले. परंतु जुन्या बाजारात अजूनही फिरणारा जपानी येसू एफआरजी-७ हा १९७० च्या दशकातला संच ज्यांच्या हाती येईल त्यांच्यासाठी एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. त्यात वॅडली नावाच्या दक्षिण आफ्रिकी अभियंत्याने काढलेली, आधी इंग्लंडच्या रॅकल आरए-१७ या व्यावसायिक ग्राहीत नावाजलेली युक्ती योजली आहे. त्यातला मुख्य आंदोलक काहीसा भरकटणाराच असतो. पण त्याची लहर दोन वाटांनी नेली जाते, एका वाटेने येणाऱ्या संकेताशी आणि दुसऱ्या वाटेने एक मेगाहर्ट्झच्या स्फटिकाच्या गुणकांशी मिसळून, आणि पुढे त्या दोहोंची वजाबाकी होते. कुळकर्ण्याच्या खतावणीत एकच चूक जमेकडेही पडावी आणि नावेकडेही पडावी, म्हणजे शिल्लक बरोबर निघावी, तसा हा प्रकार आहे. संचाला संगणक नाही, संश्लेषक नाही, आणि तरीही एकदा तापल्यावर तो रात्रभर जागचा हलत नाही. काट्यावर पाच किलोहर्ट्झच्या आत जागा वाचणे मात्र सरावाचे काम आहे.

बलवान संकेतांपुढे संच कोलमडतो की नाही, ही कसोटी हातात धरून नेण्याचे संच आणि टेबलावरचे संच यांना खऱ्या अर्थाने वेगळे करते. हातातल्या संचाची रचना त्याच्या दांडीपुरती केलेली असते. त्याला वीस मीटर तार जोडली की काश्गरहून (जे येथून चोवीसशे किलोमीटरांच्या आसपास आहे) येणारे चिनी प्रक्षेपण, ओमानमधून येणारी बीबीसी आणि पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झवरचे आपले घरचे केंद्र असे सगळे एकाच वेळी पहिल्या विवर्धकावर तुटून पडतात, आणि आकाशात नसलेल्या केंद्रांचे मिश्र आवाज ठिकठिकाणी उमटू लागतात. अलीकडचे एकाच चकतीवर सर्व काही सामावलेले चिनी संच किमतीच्या मानाने फार चांगले आहेत, पण हा रोग त्यांना अधिक आहे. त्याचे निदान करण्यासाठी क्षीणक दाबून पाहावा: दहा-वीस डेसिबेल उतरवल्याबरोबर नको असलेली केंद्रे त्याहून कितीतरी अधिक खाली गेली किंवा नाहीशी झाली, आणि हवे असलेले तेवढेच मंदावले, तर ती केंद्रे आकाशात नव्हतीच, संचातच जन्मलेली होती. ड्रेक आर-८, आयकॉम आर-७५, एओआर ७०३० किंवा जेआरसीचे एनआरडी मालिकेतले संच यांची किंमत त्यांच्या काळात मोठी होती आणि जुन्या बाजारात आजही टिकून आहे, ती याच गुणामुळे.

ऐकण्याचे सुख हा शेवटचा गुण असला तरी तो दुय्यम मानू नये. दूरची लहर दोन-तीन वाटांनी येते आणि त्या वाटा एकमेकींना कधी पोसतात, कधी मारतात. त्यात मधली वाहकलहर तेवढी क्षणभर मरते आणि पंख शिल्लक राहतात, तेव्हा वक्त्याचा आवाज फाटल्यासारखा, पाण्याखालून आल्यासारखा होतो. यावर समकालिक शोधन हा उपाय आहे: संच स्वतःच एक वाहकलहर निर्माण करून मेलेल्या लहरीच्या जागी उभी करतो, आणि हवा तो पंख निवडण्याचीही मुभा देतो. सोनीने १९८५ च्या सुमारास आयसीएफ-२००१डी या संचातून हे तंत्र सामान्य श्रोत्यापर्यंत आणले. ज्याला बातम्या समजून ऐकावयाच्या आहेत त्याने आज याविना संच घेऊ नये, असे माझे मत आहे. मात्र नाव छापलेले आहे एवढ्यावर विसंबू नये. कित्येक संचांत लहर बुडताच त्याची पकड सुटते आणि प्रत्येक वेळी पुन्हा पकडताना एक ‘हुंऽऽ’ असा स्वर निघतो, जो मूळ विकृतीपेक्षा अधिक कंटाळवाणा असतो. बाकी मोठा ध्वनिक्षेपक, जड लाकडी किंवा पत्र्याची पेटी आणि बोटाला वजन जाणवेल असे गोल फिरते बटन, यांचे महत्त्व एक संपूर्ण रात्र संचापुढे बसल्याखेरीज कळत नाही.

इतके झाल्यावर स्थळाचा विचार. नीरा डाव्या कालव्याच्या मुलखात, कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखान्याभोवती वसवलेली वालचंदनगरची ही वसाहत पुढे साखर कारखान्यांची यंत्रे, सिमेंटचे प्रकल्प आणि उपग्रह प्रक्षेपकांचे भाग घडवणारी उद्योगनगरी झाली. यंत्रशाळेत जेथे वेल्डिंग, क्रेन आणि मोठ्या मोटारी चालतात तेथे रेडिओच्या दृष्टीने शांतता मिळणे अशक्यच. परंतु अलीकडे खरा उपद्रव कारखान्याचा नसून घराचा आहे: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, टीव्हीवरची पेटी, आणि सौर पंपांचे नियंत्रक, हे सर्व विजेचे बारीक तुकडे करून काम चालवतात व त्या तुकड्यांचा कचरा थेट लघुलहरींच्या पट्ट्यांत सांडतात. याच जिल्ह्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना शास्त्रज्ञांनी मनुष्यनिर्मित गोंगाट कमी असलेली जागा मुद्दाम निवडली. आपल्याला घर बदलता येत नाही, म्हणून निदान गोंगाटाचा शोध तरी घ्यावा. संच बॅटरीवर चालू ठेवून घराचा मेन स्विच बंद करावा आणि मग एकेक सर्किट सुरू करीत जावे. चोर बहुधा आपल्याच घरात सापडतो. भारनियमनाला शिव्या देणाऱ्यांत मीही आहे, तथापि रात्री सारी वसाहत अंधारात बुडाल्यावर ४९ मीटरचा पट्टा जसा एकाएकी स्वच्छ होतो, तसा तो महागातल्या महाग गाळकानेही होत नाही. यावरून निघणारी शिफारस अशी की १२ व्होल्टवर चालण्याची सोय नसलेला टेबलावरचा संच या भागात घेऊ नये. पंपांच्या वेळी दाब घसरतो आणि ते बंद होताच उसळतो, हेही एक कारण आहेच.

एरिअल घरापासून दूर, शक्य तितकी उंच, पंधरा-वीस मीटरची तांब्याची तार असावी. घरात शिरणारी तार विजेच्या वायरिंगच्या कडेने आणू नये. अर्थिंगच्या बाबतीत आपली काळी जमीन पावसाळ्यात अत्युत्तम आणि एप्रिल-मेमध्ये भेगा पडून निरुपयोगी असते. वायरमन मंडळी मीठ-कोळशाचा खड्डा करतात तो येथे उपयोगी पडतो, पण त्यात उन्हाळाभर पाणी घालीत राहिले पाहिजे. वळवाच्या दिवसांत ढग दिसताच तार संचापासून सोडवून बाहेरच्या अर्थिंगला जोडून टाकावी. वीज तारेवर प्रत्यक्ष पडावी लागत नाही. आसपास कोठेही पडली तरी संचाचा पहिला ट्रान्झिस्टर जातो.

खरेदीचा व्यवहार आता बहुतांशी जुन्या संचांचाच आहे, कारण वर नावे घेतलेल्या नामांकित संचांचे उत्पादन थांबले आहे. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये लघुलहरी सोडल्या, आणि बीबीसीची हिंदी सेवाही २०२० च्या जानेवारीअखेर या पट्ट्यांवरून उतरली; केंद्रे घटली तसे कारखानेही घटले. तरीही चीन, ओमान, व्हॅटिकन, न्यूझीलंड अशी केंद्रे उरली आहेत, आणि गर्दी ओसरल्यामुळे पूर्वी झाकली जाणारी काही क्षीण केंद्रे आज अधिक मोकळेपणाने ऐकू येतात. जुना संच घेताना तो ११७ व्होल्टच्या अमेरिकी घडणीचा नाही ना, हे प्रथम पाहावे. इलेक्ट्रोलिटिक धारित्रे फुगलेली आहेत का, गाळक बदलण्याच्या स्विचला हात लावताच खरखर होते का, अंकांची पट्टी फिकी पडली आहे का, हेही पाहावे. परदेशातून मागवल्यास जकातीचा हिशेब आधी करावा. वजनदार संचांना भाडेच किमतीइतके पडते.

माझा निकाल असा. ज्याचे अंदाजपत्रक बेताचे आहे त्याने टेबलावरचा हलका संच विकत घेण्यापेक्षा समकालिक शोधन असलेला, हातातला चांगला संच घेऊन उरलेले पैसे तारेवर, अर्थिंगवर आणि गोंगाटाचे दिवे बदलण्यावर खर्च करावेत. ज्याला खरोखर टेबलावरचा ग्राही हवा आहे त्याने तीन गोष्टींवर तडजोड करू नये: पायथ्याशीही अरुंद असलेले दोन तरी गाळक, लांब तारेपुढे न कोलमडणारी पहिली पायरी, आणि १२ व्होल्टची सोय. संवेदनक्षमतेचा आकडा, स्मरणातल्या जागांची संख्या व दिव्यांची रोषणाई यांसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये. आणि विक्रेता जर एका रात्रीपुरता संच घरी नेऊ देत नसेल, आपल्या तारेवर, आपल्या विजेच्या गोंगाटात, तिन्हीसांजेला १०,००० किलोहर्ट्झवर तो तपासू देत नसेल, तर तो संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.